खदानीतला डबल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बापाला नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. कधी कधी वाटतं, यात सांगण्यासारखं आहे तरी काय? कुणाचा जीव गेला नाही. पोलीस आले नाहीत. मातीचे दोन ढीग, दोन मोटारसायकली आणि एक मित्र. मग हे इतकी वर्षं गळ्याशी का अडकून बसलं आहे?

सानगडीच्या बाजारात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दिवसभर खुर्चीत बसायचं, लोकांची नावं, जन्मतारखा, सातबारा. खोटी माहिती भरल्यास शिक्षेस पात्र राहीन — ही ओळ मी रोज पंचवीसदा लोकांना वाचून दाखवतो आणि खाली सही घेतो. तुम्ही म्हणाल, तुझ्या तोंडून ती ओळ निघते कशी? निघते. सवय होते.

आधी हेमराज सांगतो. तो कळल्याशिवाय माझं काही कळायचं नाही.

हेमराज आमच्याच, सानगडीजवळच्या गावचा. त्याचं घर तलावाच्या पाळीखाली, मासे धरणाऱ्यांच्या मोहल्ल्यात. माझं घर वरच्या अंगाला, धानाच्या बांध्यांकडे, शेतांकडे. पहिलीत एका पट्टीवर बसलो ते बसलोच. पुढे मी बी.ए. झालो, तो बारावीनंतर जेसीबी चालवायला शिकला आणि एका ठेकेदाराकडे लागला. त्याच्या हातात काय होतं कोण जाणे — त्या एवढ्या थोरल्या लोखंडी पंजानं तो जमिनीवरचा अंड्याएवढा दगड अलगद उचलून दाखवायचा. बोलायचा कमी. हसला की सगळं तोंड हसायचं. आणि एकदा एखाद्याचं ऐकलं की ऐकलं. पुन्हा तपासून पाहणं त्याला ठाऊकच नव्हतं.

तलावाच्या पलीकडे मुरमाची जुनी खदान होती. रस्ता झाल्यावर ती तशीच टाकून दिलेली. आम्ही तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे. मोबाइलवर मोटोक्रॉसचे व्हिडिओ पाहून पाहून डोकं फिरलेलं. दोघांकडे जुन्या दीडशे सीसीच्या गाड्या होत्या. मडगार्ड काढले, बटन टायर घातले, साकोलीच्या मिस्त्रीकडून मागचे शॉकअप कडक करून घेतले. आणि एका सुटीच्या दिवशी हेमराजनं ठेकेदाराला विचारून जेसीबी खदानीत नेला. दुपारपर्यंत ट्रॅक तयार. वळणं, छोटे उंचवटे, एक सपाट माथ्याचा ढीग — आणि टोकाला आमचा डबल.

डबल म्हणजे काय? दोन ढीग, समोरासमोर. पहिल्याच्या चढावरून गाडी हवेत जायची आणि दुसऱ्याच्या उतारावर उतरायची. मधे काही नाही. नुसती मोकळी जागा. सपाट माथ्याच्या ढिगावर उडी कमी पडली तरी चाक मातीवरच टेकतं. डबल माफ करत नाही. कमी पडलात तर समोरच्या ढिगाच्या कडेवर आपटता.

पण हेमराज घाईचा माणूस नव्हता. त्यानं आधी मधली जागा मातीनं भरून ठेवली होती. आम्ही त्यावरून उडायचो — रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. फुटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, नजर उताराच्या तोंडावर. उडी नीट बसायला लागली की तो मधली थोडी माती काढायचा. पुढच्या महिन्यात आणखी थोडी. असं करत करत एक दिवस मधे काहीच उरलं नाही. त्यानं बापाच्या जाळ्याची दोरी घेऊन अंतर मोजलं. सोळा फूट.

काय होतं पाहा — अंतर तेच होतं. आदल्या आठवड्यात आम्ही तेवढीच उडी मारली होती. फक्त खाली माती होती. माती गेली आणि आमचे हात ब्रेकवर गेले. मी थांबलो, तोही थांबला. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही डबलच्या बाजूला बसून चिवडा खाल्ला आणि त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ते दिवस मला अजून हवे आहेत. दोघंही भिणारे, दोघंही सारखे. तेव्हा कुणी कुणाच्या पुढे नव्हतं. त्या चिवड्याची चव मी नंतर किती ठिकाणी शोधली असेल!

मग हेमराज आठ दिवसांसाठी कामावर गेला, तिकडे तुमसर तालुक्यात, आंबागडच्या बाजूला. आणि मी एकटाच खदानीत गेलो. कशाला? त्याच्याआधी करून दाखवायचं होतं. दुसरं काही नाही. अकरा वेळा मी त्या चढाकडे गाडी सोडली आणि दहा वेळा खालीच थांबलो. अकराव्या वेळी चढलो — आणि माथ्यापाशी रेस सोडली. जी गोष्ट करायची नसते नेमकी तीच. गाडी उडाली नाही; बैल खड्ड्यात उतरावा तशी माथ्यावरून मधल्या जागेत घरंगळली. कोपर सोललं, क्लचचा दांडा वाकला. मी मुरमात बसून राहिलो. आसपास कुणी नव्हतं, याचं किती बरं वाटलं!

हेमराज परत आला त्या संध्याकाळी थेट माझ्या घरी. कोपर पाहिलं, मग अंगणातल्या गाडीचा दांडा पाहिला.

"हे काय लागलं बे?"

मी बाही खाली ओढली. आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"अबे — डबल उडवला का तू?"

सांगा, काय म्हणायचं होतं? 'नाही, मी भ्यालो आणि पडलो.' एवढंच तर. त्यानंच आधी सांगितलं असतं, मीपण भेतो म्हणून. दोघं हसलो असतो. पण त्याच्या डोळ्यांत जे आलं होतं ना — तसं माझ्याकडे कुणीच कधी पाहिलं नव्हतं. माझ्या आईनंसुद्धा नाही.

"हाव," मी म्हणालो.

मग तो विचारतच राहिला. कोन्या गिअरवर? तिसऱ्या. चढावर रेस सोडली का? नाई, सोडायचीच नाई, अन् खाली पाहायचंच नाई. हे सगळं व्हिडिओतलं होतं, बरोबरच होतं. मग त्यानं विचारलं, "खाली माती नसली तं वरून काय दिसते?" व्हिडिओत हे नव्हतं. मी म्हणालो, "तलाव दिसते. पाळीच्या पलीकडचं पानी." आणि त्यानं तलावाच्या दिशेला मान वळवली, जणू त्यालाही ते पाणी दिसत होतं.

"कोनी संग असतं तं व्हिडिओ काढला असता," असं म्हणून हळहळला.

रविवारी तो चढाच्या सुरुवातीला उभा राहिला. हेल्मेटची काच खाली घेतली. मी दुसऱ्या ढिगाजवळ मोबाइल धरून उभा. तेव्हा मला कळत होतं की हा कशाच्या भरवशावर निघाला आहे. हात वर केला असता तर तो थांबला असता. हाक मारण्याइतका वेळ होता. पुरेसा होता — मी तो मनात पुन्हा पुन्हा मोजला आहे. मी व्हिडिओचं बटण दाबलं.

तो उडाला.

गाडी हवेत गेली की तिचा आवाज बदलतो, तुम्हाला माहीत आहे का? चाकं मोकळी सुटतात, इंजिन एकदम हलकं होऊन ओरडतं. मग उतारावर टेकताना शॉकअपचा एक दबका श्वास. खऱ्या डबलवरचा तो आवाज मी पहिल्यांदा तिथं ऐकला — बाहेरून. दोन्ही चाकं उतारावर, अशी बसली की जणू ती जागा त्यांचीच होती. हेमराजनं गाडी वळवली, पाडली, धावत आला आणि मला मिठी मारली. रडत होता. हेल्मेटमधून त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

"तू उडवला नसता तं मी जिंदगीत नाई उडवला असता बे."

मग हेल्मेट काढून, जरा ओशाळून म्हणाला, "पन मले पानी नाई दिसलं. तू जास्त वर गेला असशील."

तो जिवंत उतरला म्हणून मला आनंद झाला. खरंच झाला. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं, त्याला काय नाव देऊ? उपाशी माणसानं दुसऱ्याच्या पंगतीत वाढायला उभं राहावं, तसं.

"आता दोघं संग मारू," तो म्हणाला. "तू पुढं, मी मागं."

इथून दुसरं खोटं सुरू होतं. पहिल्या खोट्याला एक शब्द लागला होता. हे दुसरं मी जवळजवळ तीन वर्षं अंगावर घातलं. मी सांगितलं की त्या दिवशी उतरताना कंबरेत कळ आली, तेव्हापासून दुखते. डॉक्टरला दाखवतो म्हणून साकोलीला गेलो. डॉक्टरकडे गेलोच नाही. बसस्टँडवर दोन तास बसलो, दोन चहा प्यालो, मेडिकलमधून कंबरेचा पट्टा घेतला आणि परत आलो. सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरनं उड्या मना केल्या. वजन उचलणं मना केलं.

हेमराजचा चेहरा पडला. "माह्यासाठी कंबर मोडून घेतली तू," तो म्हणाला. पाहिलंत? त्याच्या हिशेबी मी त्याला वाट दाखवायला आधी उडालो होतो आणि त्याची किंमत भोगत होतो.

पट्टा उन्हाळ्यात चिकटायचा. घामानं पुरळ उठायचं. तरी काढायचा नाही, कारण हेमराज कधीही येईल. पावसाळ्यात रोवणी आली तेव्हा पऱ्ह्यांचे, धानाच्या रोपांचे भारे त्यानं वाहिले. धान निघालं तेव्हा पोती त्यानं उचलली. माझ्या आईला म्हणायचा, "मी आहो ना काकी." आणि मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा, पट्ट्यावर हात ठेवून. रविवारी मात्र खदानीत जायचो, त्याचे व्हिडिओ काढायला. तो आता सहज उडायचा. हवेत गाडी किंचित तिरकी करून परत सरळ करायचा. मी शेकडो वेळा तो आवाज ऐकला. दर वेळी मनानं मी त्याच्यासोबत वर जायचो आणि त्याच्याआधी खाली पडायचो.

त्यातला एक व्हिडिओ मीच माझा नंबर देऊन इंटरनेटवर टाकला होता. पुढल्या वर्षीच्या धानकापणीत नागपूरकडून एका माणसाचा फोन आला. तो पोरांना मोटोक्रॉस शिकवायचा. निवडक चार-पाच जणांना बाहेर शिबिराला नेणार होता. म्हणाला, त्या मुलाला सोमवारी सकाळी गाडी घेऊन पाठवा, मला त्याला बघायचं आहे. निरोप मी दिला. तेवढं खरं. हेमराजनं भाजी नेणाऱ्या छोट्या हत्तीवाल्याशी, म्हणजे टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं, गाडी त्यात टाकायची आणि सकाळी सहाला निघायचं.

"तू बी चल ना संग," तो म्हणाला होता.

"कडपा पडून आहेत बांधीत. कसा येऊ?" कडपा म्हणजे कापून वाळायला पसरलेलं धान. तेव्हा पाऊस आला तर सगळं जागीच उगवतं.

सोमवारी सकाळी आभाळ भरून आलं. आणि हेमराज नागपूरला न जाता माझ्या बांधीत आला. दिवसभर एकट्यानं भारे बांधले, वाहिले, भाऱ्यांची गंजी, पुंजणं रचलं, वर ताडपत्री ओढली. गावात ही गोष्ट अशीच सांगतात. दोस्त असावा तर असा, म्हणतात. मीही अशीच सांगत आलो आहे.

पण ती अशी झाली नाही. हेमराज आपणहून आला नव्हता.

मी फोन केला होता. पहाटे, पावणेसहाला.

आणि त्याआधी — हेच ते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतो आहे — त्याआधी मी अंगणात उभा राहून आभाळ पाहत होतो तेव्हा बाबा बाहेर आले. त्यांनी चूळ भरली, मान वर केली, वारा कुठला आहे ते पाहिलं. उभा जन्म धानात गेलेला माणूस.

"पानी येत नाई," बाबा म्हणाले. "निस्ते ढग आहेत. उत्तरेचा वारा आहे." आणि आत गेले.

मला माहीत होतं. पाऊस येणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी फोन लावला.

"हेमराज, ढग आले बे. काळे आहेत. बाबाले होत नाई, अन् माही कंबर तं तुले मालूमच आहे."

तिकडे छोट्या हत्तीचं इंजिन सुरू होतं, ते ऐकू येत होतं. मग ते बंद झालं.

"येतो," तो म्हणाला.

मजूर मिळाले असते का? मिळाले असते. मी कुणाला विचारलंच नाही. मला धान वाचवायचं नव्हतं. मला तो जायला नको होता. तो गेला असता तर निवडला गेला असता, हे त्याच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं — मोबाइलच्या काचेतून मी त्याला जितका पाहिला होता तितका कुणी पाहिला होता? तो गेला असता आणि तिथं रोज उडणाऱ्या पोरांमध्ये राहिला असता. मग माझ्याकडे तसं पाहायला कोण उरलं असतं? हे प्रेम होतं की हेवा? मी दोन्ही शब्द लावून पाहिले आहेत. एकही पुरा बसत नाही.

त्या दिवशी मी धुऱ्यावर पट्टा बांधून उभा होतो. माझी कंबर ठणठणीत होती. वाकून एक भारा उचलला असता तरी — पण उचलला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून मी ताडपत्रीचं टोक धरलं. बाबा मधून मधून माझ्याकडे पाहत होते. त्यांना कळलं होतं का? विचारायची हिंमत मला आजतागायत झालेली नाही.

दुपारी दोनच्या सुमारास ढग विरले. लख्ख ऊन पडलं. आईनं जेवण आणलं होतं — भात, वरण, सुक्या झिंग्यांची चटणी. हेमराजचे हात धानाच्या काडानं, तणसानं चिरले होते. भात कालवताना झोंबत असावेत, तो बोटं झटकत होता. त्यानं वर आभाळाकडे पाहिलं आणि हसला. सगळं तोंड हसलं.

"बरं झालं," म्हणाला, "पानी नाई आलं. धान वाचलं."

त्याच्या बोलण्यात जराही कडूपणा नव्हता. मी शोधला. मला तो सापडला असता तर किती बरं झालं असतं.

नागपूरच्या माणसानं पुन्हा फोन उचलला नाही. पुढच्या वर्षी पाहू, असं आम्ही म्हणालो. पुढच्या वर्षी हेमराजच्या बापाला लकवा मारला, मग हेमराजचं लग्न झालं, मग छत्तीसगडमध्ये मोठ्या रस्त्याचं काम निघालं आणि जास्त पगारावर तो तिकडे गेला. गाडी विकली. मी माझा पट्टा हळूहळू सोडला — कंबर आता बरी आहे म्हणालो. त्यानं फोनवरून देवाचे आभार मानले.

आता आम्ही दोघंही पस्तिशीच्या पुढे. तो दिवाळीला येतो, चार दिवस. बाकीचं वर्ष मी त्याच्याविना काढतो. ज्याला जाऊ द्यायचं नव्हतं तो शेवटी गेलाच — जिथं त्याला जायचं नव्हतं तिथं. दुकान बंद करून कधी कधी मी खदानीकडे जातो. ढीग बसके झालेत, वर गवत आणि बोरीची झुडपं. पहिल्या ढिगावर चढतो, माथ्यावर उभा राहतो. सोळा फूट. एवढंसंच तर आहे. गाडी अजून आहे माझ्याकडे. मी ती पुन्हा कधी त्या चढावर नेली नाही.

गेल्या दिवाळीत हेमराज दोन्ही मुलींना घेऊन तिथं आला होता. त्यानं त्यांना दाखवलं — इथून निघायचो, इथं उतरायचो. धाकटी ढिगावरून धावत उतरली आणि पडली, हसली. मोठीनं विचारलं, "बाबा, तुमाले भेव नाई लागलं?"

"लागलं ना," तो म्हणाला. "पन काकानं आधी उडवला होता."

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्या अंगावरची माती झटकत असल्यासारखं केलं. माती धाकटीच्या अंगाला होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना साकोलीला बसवर सोडायला गेलो. बस लागायला वेळ होता. मुली खिडकीच्या जागेवरून भांडत होत्या. हेमराज आणि मी बाकावर शेजारी बसलो होतो, खांद्याला खांदा लावून, आणि त्याला काही बोलायचं नव्हतं, तो नुसताच खुश होता. मी दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्या वेळी त्यानं विचारलंसुद्धा, "काय बे?"

"काही नाई," म्हणालो. "पोहोचल्यावर फोन कर."

त्यानं पोहोचल्यावर फोन केला.